दुकान बुडाले, पत राहिली
न्यू सेलमच्या दुकानदार आमदाराची हकिकत

बाजारात एखादे दुकान बसले की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर दोनच प्रश्न विचारले जातात. ‘किती बुडवले?’ आणि ‘गेला कुठे?’ आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ कापडाच्या धंद्यात आहोत. सुताचे व्यापारी, मागवाले, रंगवाले, दलाल, आडते या सर्वांशी आमचा रोजचा संबंध. एवढ्या काळात हे दोन प्रश्न आम्ही किती वेळा ऐकले, त्याची मोजदाद नाही. ‘फेडले किती?’ हा तिसरा प्रश्न मात्र क्वचितच ऐकू येतो, कारण तो विचारण्याची वेळ सहसा येत नाही.

दुसरीही एक गोष्ट आम्ही पाहतो. धंद्यात चार पैसे हाती आले की व्यापाऱ्याला निवडणुकीचे वेध लागतात. आधी नगरपालिका, मग विधानसभा. यात गैर काही नाही. व्यापाऱ्याला हिशेब कळतो, माणसे ओळखता येतात, तेव्हा त्याने सभागृहात जावे हे चांगलेच. पण धंद्यात शिकलेला हिशेब तिथे गेल्यावर टिकतो का, हा प्रश्न उरतो.

म्हणून आज एका अशा दुकानदाराची हकिकत सांगतो, ज्याचे दुकान बुडाले, जो डोक्यावर कर्ज असतानाच आमदार झाला आणि ज्याने ते कर्ज पैशापैशाने फेडले. त्याचे नाव अब्राहम लिंकन. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष, गुलामांना मुक्त करणारे लिंकन आपण सर्व जाणतो. आमच्या उर्दू शाळेत मास्तरसाहेबही त्यांची गोष्ट सांगत. परंतु लिंकन हे एका खेड्यातले किराणा दुकानदार होते आणि आठ वर्षे इलिनॉय राज्याचे आमदार होते, हे मास्तरसाहेबांनी सांगितल्याचे आठवत नाही. आम्हा व्यापाऱ्यांना उपयोगी पडेल असा भाग नेमका तोच आहे.

बांधावर अडकलेली नाव

लिंकन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकी राज्यात एका लाकडी खोपटात झाला. वडील शेती आणि सुतारकाम करीत. १८१६ साली कुटुंब इंडियानात गेले, १८३० साली इलिनॉयमध्ये. साऱ्या आयुष्यात मिळून शाळा घडली ती एक वर्षाचीही नाही. कुऱ्हाड चालवणे, कुंपणाच्या फळ्या पाडणे, मजुरीवर जाणे यातच लहानपण गेले.

१८३१ च्या वसंतात डेंटन ऑफट नावाच्या व्यापाऱ्याने त्यांना आणि आणखी दोघांना कामावर घेतले. सपाट बुडाच्या लाकडी नावेत माल भरायचा आणि नदीने थेट न्यू ऑर्लिन्सच्या बाजारपेठेत न्यायचा, असे काम होते. वाटेत सँगमन नदीवर न्यू सेलम गावाजवळ पिठाच्या गिरणीचा बांध होता. त्या बांधावर नाव अडकली आणि तिच्यात पाणी शिरू लागले. गाव काठावर जमा झाले. बावीस वर्षांच्या या उंच, हडकुळ्या तरुणाने काही माल उतरवून नाव हलकी केली, पुढच्या टोकाला भोक पाडून पाणी बाहेर जाऊ दिले, भोक बुजवले आणि नाव बांधापार नेली. ऑफट खूश झाला. त्याने न्यू सेलममध्ये दुकान काढले आणि लिंकन यांना त्यावर गुमास्ता म्हणून ठेवले.

न्यू सेलम म्हणजे पंचवीसएक घरांची टेकडीवरची वस्ती. गिरणी, लोहार, पिंपे बांधणारा, चांभार, टोपीवाला, दोन-तीन दुकाने, एक खानावळ. आजूबाजूचे शेतकरी दळण घेऊन येत आणि जाताना मीठ, साखर, कॉफी, कापड, खिळे घेऊन जात. रोख पैसा थोडा, उधारी फार. हे वर्णन वाचून वाचकांना आपल्याच एखाद्या आठवडी बाजाराच्या गावाची आठवण झाली तर नवल नाही.

या गुमास्तेगिरीच्या काळातल्या दोन गोष्टी गावकरी पुढे सांगत असत. एकदा हिशेबात चूक होऊन एका बाईकडून सव्वासहा सेंट जास्त घेतले गेले. रात्री दुकान बंद करताना ते ध्यानात आले, तेव्हा लिंकन काही मैल चालत जाऊन ते परत करून आले. दुसऱ्या वेळी सकाळी तराजूत चुकीचे वजन राहिलेले दिसले. आदल्या रात्री शेवटच्या गिऱ्हाइकाला चहाची पत्ती कमी गेली होती. उरलेली पत्ती बांधून ते तिच्या घरी पोचते करून आले. या गोष्टींत तिखटमीठ किती लागले असेल ते असो. परंतु ‘प्रामाणिक एब’ हे नाव त्यांना वकिलीच्या आणि दुकानाच्या व्यवहारातून पडले, भाषणांतून नव्हे.

पहिली निवडणूक, पहिली हार

ऑफट हा बोलघेवडा माणूस. एकाच वेळी गिरणी, दुकान, धान्य, डुकरे असे अनेक धंदे त्याने हाती घेतले होते. १८३२ च्या वसंतात त्याचे दुकान बसले आणि लिंकन यांची नोकरी गेली. पण त्याआधीच, मार्च १८३२ मध्ये, त्यांनी राज्याच्या विधानसभेसाठी उमेदवारी जाहीर केली होती. वय तेवीस. गावात येऊन वर्षही झाले नव्हते.

त्यांचे ते निवेदन व्यापाऱ्याने वाचण्याजोगे आहे. पहिला मुद्दा नदीचा. सँगमन नदीतील झाडेझुडपे काढून ती सरळ केली तर बोटी येतील आणि माल स्वस्तात बाहेर जाईल. रेल्वे चांगली खरी, पण तिचा खर्च झेपणार नाही, हे आकड्यांसह सांगितले. दुसरा मुद्दा व्याजाचा. त्या भागात सावकार मन मानेल तसे व्याज घेत. त्याला कायद्याने हद्द घालावी, असे त्यांनी लिहिले. तिसरा मुद्दा शिक्षणाचा. सगळे निवेदन नम्र, आणि निवडून न आल्यास आपल्याला निराशेची सवय आहे अशा अर्थाचा शेवट.

त्याच महिन्यात ‘टॅलिसमन’ नावाची एक आगबोट खरोखरच सँगमन नदीत आली. लिंकन कुऱ्हाड घेऊन वाट मोकळी करणाऱ्यांत होते. परत जाताना नदीचे पाणी इतके उतरले की बोटीला वळायलाही जागा राहिली नाही आणि न्यू सेलमचा बांध थोडा तोडावा लागला. नदीतून मोठा व्यापार होईल ही आशा तेव्हाच संपायला हवी होती, पण लोकांनी ती आणखी काही वर्षे धरून ठेवली.

एप्रिलमध्ये ब्लॅक हॉकची लढाई सुरू झाली. स्वयंसेवकांच्या तुकडीने लिंकन यांना कप्तान निवडले. ते परतले तेव्हा मतदानाला थोडेच दिवस उरले होते. ६ ऑगस्ट १८३२ रोजी निवडणूक झाली. चार जागांसाठी तेरा उमेदवार होते. लिंकन आठवे आले, म्हणजे हरले. पण न्यू सेलमच्या मतदान केंद्रावर ३०० पैकी २७७ मते त्यांना पडली होती. ज्यांनी त्याला तराजू धरताना पाहिले होते, त्यांनी त्याला मत दिले.

उधारीवर घेतलेले दुकान

आता नोकरी नाही, जागा नाही. लोहारकी शिकावी असाही विचार मनात आला. तेवढ्यात गावातले एक दुकान विकायला निघाले. हर्नडन नावाच्या दोघा भावांचे ते होते. एका भावाचा हिस्सा विल्यम बेरी याने घेतला होता, दुसऱ्याचा लिंकन यांनी घेतला. रोख एक पैसा दिला नाही. सही करून चिठ्ठी लिहून दिली, आणि धनको तेवढ्यावर राजी झाला, कारण माणसावर भरवसा होता.

पुढे १८३३ च्या जानेवारीत शेजारच्या दुकानाची गावातल्या टग्यांनी नासधूस केली. घाबरलेल्या मालकाने ते एका तरुणाला विकले आणि त्या तरुणाने लगेच नफा घेऊन बेरी-लिंकन यांना विकले. पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा उधारी. आमच्या बाजाराच्या भाषेत सांगायचे तर भांडवल शून्य, माल दुप्पट आणि वायदे तिप्पट.

दुकान चालले नाही. याची कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. पहिले, गाव लहान आणि दुकाने जास्त. दुसरे, बेरी दारूच्या आहारी गेलेला. तिसरे, लिंकन स्वतः. हे आम्हाला स्पष्ट सांगितलेच पाहिजे. ते दुकानात असत, पण लक्ष पुस्तकात असे. गिऱ्हाईक आले तर उठत, नाहीतर झाडाखाली पडून वाचत आणि सावली सरकेल तसे सरकत. माणूस म्हणून मोठे असतील, दुकानदार म्हणून कच्चे होते. मार्च १८३३ मध्ये दोघांच्या नावे खानावळीचा परवाना काढला गेला. त्यात दारू पेल्याने विकण्याची मुभा होती आणि जेवणाचा दर २५ सेंट व रात्रीच्या मुक्कामाचा साडेबारा सेंट असा ठरवून दिलेला होता. त्यानेही दुकान सावरले नाही. थोड्याच दिवसांत लिंकन यांनी आपला हिस्सा बेरीकडे दिला.

मग दुकान दोघा भावांना विकले गेले, तेही उधारीवरच. चिठ्ठ्यांची मुदत भरायच्या आत ते भाऊ गाव सोडून गेले. जानेवारी १८३५ मध्ये बेरी वारला. मागे जवळपास काहीच ठेवले नव्हते. साऱ्या चिठ्ठ्या फिरून एकाच माणसाच्या दारात आल्या. एकूण रक्कम सुमारे १,१०० डॉलर. ज्या गावात जेवण २५ सेंटला मिळे, तिथे हा आकडा केवढा, याचा वाचकांनीच हिशेब करावा. लिंकन चेष्टेने त्याला ‘राष्ट्रीय कर्ज’ म्हणत.

त्या मुलखात अशा वेळी पश्चिमेकडे निघून जाण्याची रीत होती. मोकळा देश होता, कोणी शोधत येत नसे. शेकडो लोक तसे करीत. लिंकन धनकोंकडे गेले आणि म्हणाले की मुदत द्या, जे मिळवीन त्यातून देत राहीन. बेरीच्या वाट्याचेही त्यांनी आपलेच मानले.

आमची एक आठवण

इथे आम्ही स्वतःबद्दल चार ओळी लिहितो. वाचकांनी क्षमा करावी.

साधारण वीस वर्षांपूर्वी आमचीही एक भागीदारी होती. माल खरेदीचे काम भागीदाराकडे, विक्रीचे आमच्याकडे. एका सकाळी कळले की भागीदार घराला कुलूप लावून गेला आहे. सुताच्या बिलांवर सही त्याची, पण पेढीचे नाव दोघांचे. वकिलाने आम्हाला सांगितले की चिंता करू नका, तारखा पडत राहतील, दहा वर्षे निघून जातील. आम्ही ते ऐकले. दोन वर्षे आम्ही ते ऐकत राहिलो, हे कबूल करतो.

ज्यांचे सर्वांत जास्त येणे होते ते एक वयस्कर सूतवाले चाचा होते. ते रस्त्यात भेटले की सलाम करीत, मुलांचे शिक्षण विचारीत आणि पुढे जात. पैशाचा शब्द कधी काढला नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर आम्हाला वकिलाचे बोलणे पटत राहिले असते. एका लग्नात त्यांनी सर्वांसमक्ष आम्हाला आपल्याजवळ बसवून घेतले. त्या रात्री आम्ही वही काढली आणि सर्व देण्यांची यादी केली. फेडायला सहा वर्षे लागली. शेवटचा हप्ता चाचांच्या मुलाच्या हाती द्यावा लागला, कारण तोवर चाचा राहिले नव्हते. ती दोन वर्षे आम्ही वाया घालवली नसती तर तो हप्ता त्यांच्याच हाती पडला असता. हे दुःख आहे.

म्हणूनच लिंकन यांचे पहिल्याच दिवशी धनकोंकडे जाणे आम्हाला राष्ट्राध्यक्ष होण्यापेक्षाही अवघड वाटते.

टोपीतली टपाल आणि लिलावातला घोडा

कर्ज फेडायला कमाई हवी. मे १८३३ मध्ये लिंकन न्यू सेलमचे पोस्टमास्तर झाले. त्या काळी टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणारा देई. उत्पन्न अगदी तुटपुंजे. पण गावात येणारी वर्तमानपत्रे वाचायला मिळत, हा फायदा. कोणाकडे जायचे झाले तर त्यांची पत्रे ते आपल्या टोपीत ठेवून नेत. पुढे ही टपाल कचेरी बंद झाली, तेव्हा सरकारची काही रक्कम त्यांच्याकडे राहिली होती. बऱ्याच काळाने सरकारचा माणूस वसुलीला आला. मित्रांना वाटले, या गरिबाकडे पैसे कुठून असणार? लिंकन यांनी पेटीतून एक पुरचुंडी काढली. त्यात गावकऱ्यांनी दिलेली तीच नाणी जशीच्या तशी होती. कर्जात बुडालेले असतानाही दुसऱ्याच्या अमानतीला त्यांनी हात लावला नव्हता, अशी ही हकिकत सांगतात.

१८३३ च्या अखेरीस त्यांना जमीन मोजणीचे काम मिळाले. ते काम येत नव्हते. पुस्तके आणून रात्री जागून शिकले. होकायंत्र, साखळी आणि घोडा घेतला, अर्थात उधारीवर. घोड्याचे ५७ डॉलर वेळेवर गेले नाहीत म्हणून दावा झाला. दुसऱ्या एका धनकोने दुकानाच्या चिठ्ठीवर दावा करून हुकूमनामा मिळवला. घोडा, खोगीर आणि मोजणीची अवजारे लिलावात निघाली. कारागिराची अवजारे गेली म्हणजे हातच गेले.

लिलावाच्या दिवशी जेम्स शॉर्ट नावाच्या शेजारच्या शेतकऱ्याने बोली लावली. १२० डॉलर देऊन सर्व वस्तू विकत घेतल्या आणि लिंकन यांना परत दिल्या. लिंकन यांनी ते पैसे पुढे फेडले. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर शॉर्ट अडचणीत असल्याचे कळले, तेव्हा त्याला कॅलिफोर्नियात सरकारी जागा दिली. आमच्या मते या साऱ्या कथेत शॉर्टचे नाव लिंकन यांच्या जोडीने घ्यावे. बाजारात बुडणाऱ्यावर हसणारे पुष्कळ असतात. त्याची अवजारे सोडवून देणारा एखादाच असतो.

आमदार लिंकन

या सगळ्या ओढाताणीतच ४ ऑगस्ट १८३४ ची निवडणूक आली. या वेळी चार जागांसाठी उभ्या असलेल्या तेरा उमेदवारांत लिंकन दुसरे आले. १,३७६ मते मिळाली. पंचवीस वर्षांचा हा नवा आमदार सभागृहात जाणार, पण अंगावर धड कपडा नाही. कोलमन स्मूट या गावच्या सधन माणसाकडे ते गेले. त्याने २०० डॉलर उसने दिले. त्यातून नवा सूट शिवला, काही तातडीची देणी दिली आणि बग्गीने राजधानी व्हँडेलियाला गेले. आमदाराचा भत्ता दिवसाला तीन डॉलर. स्मूटचे पैसे कबूल केल्याप्रमाणे परत केले.

पहिल्या अधिवेशनात ते फारसे बोलले नाहीत. कामकाज कसे चालते ते पाहिले, दुसऱ्या सभासदांना ठरावांचे मसुदे लिहून दिले. मोकळ्या वेळात कायद्याचा अभ्यास केला. १८३६, १८३८ आणि १८४० साली लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. व्हिग पक्षाचे ते सभागृहातले पुढारी झाले. सँगमन परगण्याचे सात आमदार आणि दोन सिनेटर असे नऊ जण सगळेच उंच होते, म्हणून त्यांना ‘उंच नऊ’ म्हणत. त्यांत सहा फूट चार इंचांचे लिंकन सर्वांत उठून दिसत. फेब्रुवारी १८३७ मध्ये राज्याची राजधानी व्हँडेलियाहून स्प्रिंगफिल्डला हलवण्यात या नऊ जणांचा मोठा हात होता.

आमदारकीतली एक गोष्ट पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जानेवारी १८३७ मध्ये गुलामी नष्ट करू पाहणाऱ्यांच्या संघटनांचा निषेध करणारा ठराव सभागृहात ७७ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. विरोध करणाऱ्या सहांत लिंकन होते. ३ मार्च १८३७ रोजी त्यांनी डॅन स्टोन या सहकाऱ्यासह लेखी निवेदन नोंदवले, की गुलामीची प्रथा अन्यायावर आणि वाईट धोरणावर उभी आहे. भाषा सावध होती. गुलामी तडकाफडकी उठवावी असे त्यांनी म्हटले नाही, उलट तशा प्रचाराने नुकसान होते असेही लिहिले. पण त्या सभागृहात तेवढे लिहिण्यालाही दोनच सह्या मिळाल्या.

स्वतःचे फेडले, राज्याचे वाढवले

लिंकन यांची स्तुती करणारे पुढची गोष्ट बहुधा गाळतात. व्यापार पानावर ती गाळणे बरोबर होणार नाही.

१८३७ साली इलिनॉयच्या विधानसभेने सुधारणांचा एक प्रचंड कायदा केला. राज्यभर लोहमार्ग, नद्यांची सफाई, रस्ते. खर्च सुमारे एक कोटी डॉलर, आणि तो सारा कर्ज काढून. ज्या परगण्यांना लोहमार्ग मिळणार नव्हता त्यांना गप्प करण्यासाठी दोन लाख डॉलर वाटायचे ठरले. १८४० सालीही त्या राज्याची वस्ती पाच लाखांच्या आतच होती. लिंकन या योजनेचे उत्साही समर्थक होते. पाच वर्षांपूर्वी रेल्वेचा खर्च झेपणार नाही असे आकडे मांडून सांगणारा तोच माणूस.

त्याच वर्षी अमेरिकेत बाजार कोसळला. बँकांनी रोख देणे थांबवले. कर्जरोखे पडत्या भावाने विकावे लागले. सगळीकडे एकाच वेळी कामे सुरू केल्याने एकही पुरे होईना. स्प्रिंगफिल्डपर्यंतचा एकच लोहमार्ग कसाबसा पूर्ण झाला आणि १८४७ मध्ये तो अवघ्या २१,१०० डॉलरना विकावा लागला. १८४२ पर्यंत राज्याचे व्याजही थकले. त्या काळचे देणे पुरते फिटायला १८८० उजाडले.

लिंकन शेवटपर्यंत योजनेच्या बाजूने उभे राहिले. अर्धवट सोडली तर घातलेले सगळेच जाईल, असे त्यांचे म्हणणे. देणे फेडण्यासाठी कर बसवण्यालाही त्यांनी पाठिंबा दिला. डिसेंबर १८४० मध्ये राज्याची बँक वाचवण्यासाठी सभेची गणसंख्या पुरी होऊ नये म्हणून त्यांनी आणि काही सोबत्यांनी खिडकीतून उडी मारली. उपयोग झाला नाही. हजेरी आधीच लागली होती. लोकांनी पुष्कळ दिवस टिंगल केली.

आम्ही यावर विचार केला. एकच माणूस, स्वतःच्या चिठ्ठीचा एकेक डॉलर फेडतो आणि राज्याच्या नावे कोटीचे कर्ज काढायला हात वर करतो. त्यात लबाडी नव्हती, एक पैसा खिशात घातला नव्हता. पण न्यू सेलमच्या दुकानात जी चूक झाली होती तीच पुन्हा झाली. भांडवल नसताना माल दुप्पट करणे. दुकानात ती चूक केली तेव्हा धनको दारात आले, म्हणून ती कळली. सभागृहात केली तेव्हा धनको रयतेच्या दारात गेले.

सतरा डॉलरची गादी

एप्रिल १८३७ मध्ये लिंकन वकील म्हणून स्प्रिंगफिल्डला राहायला आले. घोडा मागून आणलेला, सगळे सामान खोगिराच्या दोन पिशव्यांत. जोशुआ स्पीड याच्या दुकानात जाऊन त्यांनी गादी-पांघरुणाचा भाव विचारला. स्पीडने पाटीवर हिशेब केला, सतरा डॉलर. लिंकन म्हणाले की स्वस्तच आहे, पण माझ्याजवळ तेवढे नाहीत. नाताळपर्यंत उधार द्याल तर वकिली चालल्यास देईन, न चालल्यास कदाचित कधीच देता येणार नाहीत. स्पीडने असा खरे बोलणारा उधारीचा गिऱ्हाईक पाहिला नव्हता. त्याने सांगितले की वर माझी खोली आहे, मोठी खाट आहे, तिथेच राहा. लिंकन पिशव्या वर टाकून खाली आले आणि हसत म्हणाले की झाले, मी राहायला आलो. दोघांची दोस्ती जन्मभर टिकली.

वकिलीच्या उत्पन्नातून जुन्या चिठ्ठ्या एकेक करून फिटत गेल्या. १८४७ मध्ये ते वॉशिंग्टनला काँग्रेसचे सभासद म्हणून गेले, त्या सुमारास शेवटची रक्कम फिटली असे चरित्रकार सांगतात. म्हणजे चौदा-पंधरा वर्षे. न्यू सेलम गाव तर त्याच्या कितीतरी आधी ओस पडले होते. शेजारचे पीटर्सबर्ग वाढले आणि लोक घरे उचलून तिकडे गेले. दुकान राहिले नाही, गाव राहिले नाही, देणे मात्र राहिले आणि ते दिले गेले.

त्या लढाईचा आपल्या बाजाराशी संबंध

मार्च १८६१ मध्ये लिंकन राष्ट्राध्यक्ष झाले आणि एप्रिलमध्ये यादवी युद्ध सुरू झाले. त्यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. त्याच बंदरांतून लँकेशरच्या गिरण्यांना बहुतेक कापूस जात असे. तो थांबला आणि साऱ्या जगाची नजर मुंबईकडे वळली. खानदेश, वऱ्हाड, गुजरातचा कापूस सोन्याच्या भावाने गेला. मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांचे नाव सर्वतोमुखी झाले, समुद्र भरून काढायच्या कंपन्यांचे शेअर आकाशाला भिडले. १८६५ च्या वसंतात युद्ध संपल्याची खबर आली, कापसाचा भाव कोसळला आणि त्याबरोबर मोठमोठ्या पेढ्या व बँका बुडाल्या. भाव चढलेले असताना कर्ज करून बसलेल्या शेतकऱ्यांचे हाल तर पुढे दहा वर्षे चालले. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे येथे सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, त्यामागे हेही एक कारण होते. न्यू सेलममधल्या त्या चिठ्ठ्यांचीच ही थोरली बहीण. भाव चढता असताना घेतलेले कर्ज उतरत्या भावात फेडावे लागते.

मँचेस्टरचे विणकर कापसावाचून उपाशी राहिले, तरीही त्यांच्या सभेने गुलामीच्या विरोधात लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र पाठवले. १९ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी त्यांना उत्तर लिहून त्यांच्या सोसण्याची कदर केली. आम्हा मागवाल्यांच्या पानावर या गोष्टीची नोंद असावी, एवढ्यासाठी लिहिले. दोन वर्षांनी, १५ एप्रिल १८६५ रोजी, गोळी लागून त्यांचा अंत झाला.

व्यापाऱ्याने काय घ्यावे

आमच्या वाचकांत दुकानदार आहेत, मागवाले आहेत, कारागीर आहेत. सर्वांना मंदी माहीत आहे. दुकान बसणे हा गुन्हा नाही. लिंकन यांचेही बसले. धंदा बसला तर आधी देण्यांची यादी करावी, धनकोंकडे आपण होऊन जावे, झेपेल तोच हप्ता बोलावा आणि तो चुकवू नये. भागीदार करताना त्याच्या सवयी पाहाव्यात आणि स्वतःच्याही पाहाव्यात. उधारीवर घेतलेला माल उधारीवर विकू नये. शेजाऱ्याचा लिलाव निघाला तर निदान त्याची अवजारे तरी वाचवावीत. अवजारे राहिली तर तो उभा राहील आणि आपलेही फेडील.

आणि उद्या आपल्यातला कोणी व्यापारी आमदारकीला उभा राहिला, तर त्याच्या बाजारात जाऊन त्याची पत विचारावी. न्यू सेलमच्या २७७ मतदारांनी तेच केले होते. निवडून आल्यावर मात्र त्याला दर अधिवेशनाला विचारावे, की साहेब, सभागृहात हात वर करताना ती चिठ्ठी कोण फेडणार ते पाहिले का?

सूतवाल्या चाचांचा मुलगा आजही आमच्याच बाजारात बसतो. सलाम करतो, मुलांची चौकशी करतो आणि माल उधार देतो. आम्ही मुदतीच्या दोन दिवस आधी पैसे पोचवतो.